पानाचं वजन

चारशे वीस मिलिसेकंद.
एवढ्या वेळात पान उजवीकडून डावीकडे जातं,
कड वळते, पाठची शाई पुसट दिसते
आणि खाली मी रंगवलेली सावली
मागोमाग धावते, आज्ञाधारक.

"हा पत्ता उलटतोय," एंडेल म्हणाला.
"पान नाही."

तार्तूच्या ग्रंथालयात, तळघरात,
चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा माणूस.
अंगठ्याला सरसाचा वास.
बाहेर साडेतीनलाच अंधार पडलेला,
नदी काठाकाठानं गोठत आलेली.
खाली चल म्हणाला. गेले.

एक जाड पुस्तक दिलं हातात. "डोळे मीट. चाळ."
चाळलं.
"थांब. कुठवर आलीस?"
"निम्म्याच्या जरा अलीकडे."
"कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. डाव्या हातानं.

मग महिनाभर मी पानाला पान करत बसले.
दोन्ही बाजूंना जाडी दिली, एक वाढती, एक सरती.
कागदाचा कल शिकले: कण्याच्या दिशेनं तो मुकाट वळतो,
आडवा वळवला की रुसतो.
उचलण्याआधी पान किंचित फुगतं, खालची हवा आत घेतं,
तेही लिहिलं, अकरा ओळींत.
वरच्या मजल्यावरची रीना म्हणाली, मळमळतंय मला,
बोटीत बसल्यासारखं.
थोडं कमी केलं.

चाचणीला दीपगृहाची रोजवही घेतली होती,
कुठल्याशा बेटावरची, एकोणीसशे अकराची,
पाठपोट लिहिलेली:
वारा, बर्फ, तेल किती उरलं.
बटण दाबत दाबत आम्ही सगळ्यांनीच ती वाचली होती,
एकेक पान, सुटं सुटं,
बाजारात मोजून घेतलेल्या माशांसारखं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती चाळली.
अंगठा कडेवर, पानं फर्रकन सुटलेली,
आणि मध्येच डोळा अडखळला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ अडखळते तसा.
चौदा फेब्रुवारी. मग एकदम तीन मार्च.
अक्षरही वेगळं.

जिना उतरून गेले ते धावतच.
एंडेलनं खरी वही उशीवर ठेवली,
हाडाची पट्टी घेतली,
आणि बराच वेळ काहीच केलं नाही.
मग म्हणाला, "चरबी. मेणबत्तीची.
दोन पानं एकमेकांना धरून बसलीत."
पट्टी शिरली. एवढासा आवाज आला,
कोणीतरी ओठ उघडावेत तेवढा.

आत तिसरंच अक्षर. बाईचं असावं, शाळा कमी झालेल्या.
"ते बर्फावरून पलीकडे गेले, मिठासाठी.
या दिवसांत जहाजं नसतात. तरी दिवा लावला."
खालच्या ओळीत: दिवा लावला.
तिच्या खाली: दिवा लावला.
सोळा रात्री.
सोळाव्या रात्रीनंतर नवा माणूस,
नवं, सरळ, सरकारी अक्षर:
वारा ईशान्येचा. बर्फ फुटतो आहे.

स्कॅन पुन्हा केले. पानांचे आकडे सरकले,
वरिष्ठांना पत्र गेलं, दुरुस्तीची नोंद झाली.
एक गोष्ट मात्र नोंदीत नाही:
त्या जागी पान चारशे वीसमध्ये उलटत नाही.
नऊशे लागतात.
उचललं जातं, थबकतं,
खालच्या पानाचा हात सुटेपर्यंत.
रीनानं विचारलं, इथे अडकतंय का?
म्हटलं, हो, अडकतं.

शुक्रवारी एंडेल वर आला, घरी जायच्या वाटेवर,
टोपी काखेत, कोटावर बर्फ.
या वेळी खुर्ची घेतली.
उजव्या अंगठ्याला सवयीनं थुंकी लावली
आणि कडेला धरून पान उलटलं.
तिथे आला. थबकला. वाट पाहिली.
उलटलं.

काही बोलला नाही. टोपी घातली, गेला.
काचेवर अंगठ्याचा ओला ठसा,
दिवा लावला या शब्दांच्या जरा खाली.
पुसायला हवा होता.